जीव तोडून धावूनही टायमिंग का घसरतं?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की नागपूरची मैदानं पहाटे साडेचारलाच जागी होतात. कस्तुरचंद पार्क म्हणा, रेशीमबाग म्हणा, मानकापूरच्या क्रीडा संकुलाकडचा रस्ता म्हणा, सगळीकडे घोळक्यानं पळणारी पोरं-पोरी दिसतात. काटोल, उमरेड, रामटेककडून आलेली, चौघांत एक खोली करून राहणारी, दिवसभर अभ्यासिकेत बसणारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक, असं ५० गुणांचं ग्राउंड असतं. एका गुणानं नोकरी मिळते नाही तर हुकते. त्यामुळे ही मुलं सकाळ-संध्याकाळ, आठवड्याचे सातही दिवस, अंगात असेल नसेल ते सगळं लावून पळतात.

महिना-दीड महिना हे चाललं की एक विचित्र गोष्ट सुरू होते. कष्ट तेवढेच, उलट जास्तच, पण वेळ सुधारायची थांबते. मग घसरायलाच लागते. नडगीला क्रेप बँडेज, खिशात दुखण्याची गोळी, डोळ्यांखाली काळं. थांबवून विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "पाय दुखून राहिला भाऊ, पण रेस्ट घेतली तं टायमिंग जाईन ना."

फुटाळ्यावर आणि अंबाझरीकडे हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या नोकरदारांतही हेच दिसतं. धरमपेठ-मनीषनगरच्या जिममध्ये रोज दोन तास घालवणाऱ्यांतही दिसतं. माझं म्हणणं सरळ आहे: यातल्या बहुतेकांचे कष्ट कमी पडत नाहीत, केलेले कष्ट अंगी लागायला जो वेळ लागतो तो कमी पडतो. असं का होतं, ते मुळापासून पाहू.

पळताना शरीरात नेमकं काय होतं

जोरात पळताना किंवा जड वजन उचलताना स्नायू आपल्या आत साठवलेली साखर वापरतात. या साठ्याला ग्लायकोजेन म्हणतात. तासाभराच्या जोरदार सरावात तो बराच रिकामा होतो. स्नायूंच्या तंतूंना अगदी बारीक इजा होतात. घामातून पाणी आणि मीठ जातं. मेंदूकडून स्नायूंना आदेश पोचवणारी यंत्रणाही दमते. म्हणजे कडक सराव संपवून तुम्ही मैदानाबाहेर पडता, तेव्हा आत शिरताना होतात त्यापेक्षा कमजोर असता.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. पुढच्या काही तासांत आणि दिवसांत शरीर साठा भरतं, इजा सांधतं आणि पुन्हा असाच भार आला तर निभावता यावा म्हणून आधीपेक्षा थोडं जास्तीचं बांधून ठेवतं. आपण ज्याला फिटनेस वाढला म्हणतो, तो म्हणजे हे जास्तीचं बांधकाम. ते जेवणातून आलेल्या मालावर, बरंचसं झोपेत होतं.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं १९३६ साली याची पहिली मांडणी केली. शरीरावर कुठलाही ताण आला की आधी धक्का बसतो, मग शरीर त्या ताणाला सरावतं, आणि ताण हटलाच नाही तर शेवटी खचतं, असे तीन टप्पे त्यानं सांगितले. पुढे १९५०च्या दशकात सोव्हिएत जीवरसायनतज्ज्ञ निकोलाय याकोव्हलेव्ह यांनी व्यायामानंतर रिकामा झालेला साठा आधीपेक्षा थोडा जास्त भरला जातो, हे दाखवलं. आजचं क्रीडाविज्ञान त्याहून खूप गुंतागुंतीचं झालं आहे, पण गाभा तोच आहे.

सेल्येच्या मांडणीतली एक गोष्ट आपल्या मुलांना फार लागू पडते. ताण कुठून आला याच्याशी शरीराला फारसं देणंघेणं नसतं. पहाटेचं धावणं, दुपारचा अभ्यास, संध्याकाळी दुचाकीवरून पार्सल पोचवण्याचं काम, घरून येणारा "या वेळी तरी होईल ना?" असा फोन, हे सगळं एकाच हिशेबात जमा होतं. दोन मुलांनी अगदी सारखा सराव केला, तरी एकाला तो मानवतो आणि दुसऱ्याला बाधतो, त्याचं कारण बरेचदा मैदानाबाहेर असतं.

वाफसा येऊ द्यावा लागतो

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला हे लगेच पटेल. काळ्या जमिनीवर चांगला पाऊस झाला म्हणून कोणी त्याच दुपारी वखर घालत नाही. ओल्या रानात औत घातलं की माती दाबली जाते, पुढे तिची ढेकळं होतात आणि हंगामभर ती जमीन नीट वागत नाही. म्हणून वाफसा यायची वाट पाहायची. पण वाट पाहत फार दिवस घालवले तर तीच जमीन कडक होते, भेगा पडतात, मग औत लागत नाही.

कडक सराव हा पाऊस आहे आणि पुढचा कडक सराव हे औत. आधीच्या सरावातून शरीर सावरायच्या आत पुन्हा तेवढाच भार टाकला, तर प्रत्येक वेळी आधीपेक्षा थोड्या खालच्या पायरीवरून सुरुवात होते. दहा-बारा दिवस असं झालं तर फारसं कळत नाही. सहा आठवडे झालं की घड्याळात दिसतं. उलट बाजूही खरी आहे: पंधरा दिवसांतून एकदा पळणाऱ्याच्या अंगी काहीच लागत नाही. त्यामुळे या लेखातून आळसाला परवाना मिळत नाही. भार आणि सावरणं यांचा मेळ बसला पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.

दम लवकर वाढतो, हाड मागे राहतं

इथं जरा थांबायला हवं, कारण भरतीच्या मुलांची सगळ्यात मोठी हानी याच ठिकाणी होते.

शरीराचे सगळे भाग एका वेगानं सावरत नाहीत. पोटभर भात-पोळी खाल्ली तर ग्लायकोजेनचा साठा साधारण २४ तासांत भरतो. जड व्यायामानंतर स्नायूंची बांधणी २४ ते ४८ तास चालू राहते. स्नायूला हाडाशी जोडणारे कंडरे, म्हणजे टाचेमागची ती जाड दोरी वगैरे, त्यांच्यात सरावानंतर पहिला दिवस-दीड दिवस झीज बांधणीपेक्षा जास्त असते. आणि हाड सर्वांत सावकाश चालतं.

नवा भार आला की हाडात आधी जुना भाग पोखरून काढला जातो आणि मग त्या जागी नवा भरला जातो. पोखरायला दोन-तीन आठवडे पुरतात, भरायला मात्र महिने लागतात. म्हणजे जोरात धावायला सुरुवात केल्यावर काही आठवडे हाड आधीपेक्षा कच्चं असतं. नेमक्या त्याच काळात दम वाढलेला असतो, पाय हलके वाटतात आणि मुलगा एकाच्या दोन वेळा पळायला लागतो. छाती साथ देते म्हणून तो वेग वाढवतो, आणि हाड ते झेलायला तयार नसतं. दुसऱ्या महिन्यात नडग्या दुखायला लागतात, त्या यामुळे.

मैदानावर सगळे याला सरसकट 'शिन पेन' म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि फरक अंगठ्यानं कळू शकतो. बसून पाय सैल सोडा आणि नडगीच्या हाडाची आतली कड घोट्यापासून वर गुडघ्याच्या दिशेनं अंगठ्यानं दाबत जा. दुखणं चार-पाच बोटं लांब पसरलेलं असेल, सराव सुरू करताना जास्त आणि अंग गरम झाल्यावर कमी होत असेल, तर बहुधा हाडाच्या वरच्या आवरणाला आलेली सूज असते. काही दिवस भार कमी केला की ती उतरते. पण एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेवर कळ येत असेल, त्या पायावर उडी मारली की ती चमकत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यायची. याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

अशा वेळी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांत, नाही तर जवळच्या अस्थिरोग तज्ज्ञाकडे जायलाच हवं. आणि एक लक्षात ठेवा: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हा तडा साध्या एक्स-रेमध्ये बरेचदा दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून दुसऱ्या दिवशी परत मैदानावर गेलेल्या मुलांचा पुढे आख्खा हंगाम जातो. दुखणं चालूच असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. गरज वाटली तर ते एमआरआय करायला सांगतील.

चांगला थकवा आणि बिघडवणारा थकवा

थकवा येणं मुळीच वाईट नाही. तो आलाच नाही तर सुधारणाही होणार नाही. प्रश्न तो किती दिवसांत उतरतो याचा आहे. युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या क्रीडावैद्यक संस्थांनी २०१३ मध्ये एकत्र निवेदन काढून याच्या तीन पायऱ्या सांगितल्या. पहिलीत कामगिरी थोडी घसरते, पण काही दिवस ते दोन आठवडे हलकं घेतलं की माणूस आधीपेक्षा वर येतो. चांगले प्रशिक्षक हे मुद्दाम घडवतात. दुसरीत सावरायला अनेक आठवडे किंवा महिने लागतात आणि हाती काही येत नाही. तिसरी पायरी म्हणजे ओव्हरट्रेनिंग. तिथून परतायला कित्येक महिने जातात, कुणाकुणाला त्याहूनही जास्त.

ओव्हरट्रेनिंग पकडणारी एकच एक रक्ततपासणी नाही. आधी अ‍ॅनिमिया, थायरॉइड, मधुमेह, लपलेला संसर्ग यांसारखी कारणं डॉक्टर तपासून बाजूला काढतात आणि मग या निष्कर्षावर येतात. म्हणून महिनाभर न उतरणारा थकवा "सरावाचाच असेल" म्हणून अंगावर काढू नये. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असणाऱ्या मुलींची संख्या मोठी आहे आणि ती तपासणी स्वस्तात होते.

मनावरचा परिणाम बरेचदा शरीराच्या आधी दिसतो. ज्या मैदानावर धावत जायचो ते नकोसं वाटायला लागतं. चिडचिड होते, अभ्यासात लक्ष लागत नाही, दमलेलं असूनही झोप लागत नाही. याला आजूबाजूचे "मन खचलं", "जिद्द कमी पडली" म्हणतात, आणि हे ऐकून मुलगा आणखी जोर लावतो. असं बोलण्याआधी गेल्या महिन्यात त्यानं किती दिवस सुट्टी घेतली, एवढं तरी विचारावं.

आपल्याला ओळखायचं कसं?

घड्याळ-बँड असेल तर ठीक, नसेल तरी अडत नाही. सकाळी डोळे उघडल्यावर अंथरुणातच मनगटावर दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि वहीत लिहा. पंधरवड्यात तुमचा नेहमीचा आकडा कळतो. कुणाचा ५२ असतो, कुणाचा ६८. दुसऱ्याशी तुलना करायची नाही. तो सलग तीन-चार दिवस पाच-दहा ठोक्यांनी वर राहिला तर शरीर अजून सावरलेलं नाही, किंवा ताप-सर्दी येऊ घातली आहे, असं समजून त्या दिवशी कडक सराव टाळा. ही खूण पक्की नाही. एका रात्रीच्या जागरणानंही नाडी वाढते. म्हणून सोबत दोन शब्द लिहा: झोप कशी झाली, मूड कसा आहे.

दुसरा हिशेब अमेरिकी संशोधक कार्ल फॉस्टर यांनी रूढ केला. सराव संपल्यावर अर्ध्या तासानं स्वतःला विचारायचं: शून्य ते दहात आज किती जड गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ६० मिनिटांचा सराव सातएवढा जड गेला तर भार ४२०. दुसऱ्या दिवशी ४० मिनिटं आरामात पळालात आणि जडपणा तीन, तर १२०. आठवड्याची बेरीज एकदम वाढलेली दिसली की सावध व्हायचं. फॉस्टर यांच्या १९९८च्या अभ्यासातला आणखी एक मुद्दा आपल्या गटांना अगदी लागू आहे. एकूण भाराइतकाच त्याचा एकसुरीपणाही बाधतो. रोज ३५०, ३६०, ३५० असा सपाट आठवडा हा एक दिवस ५०० आणि दुसऱ्या दिवशी १०० अशा आठवड्यापेक्षा जास्त आजारपण आणतो. गटात सगळे रोज तेच चार राउंड त्याच वेगानं मारतात, तेव्हा नेमका असाच सपाट आठवडा तयार होतो.

"पण एक दिवस सोडला तर मागे पडेन"

ही भीती खरी आहे, पण तिला आधार नाही. दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनं दम कमी होत नाही. पूर्ण बंद केलं तर साधारण दोन आठवड्यांनी तो जाणवण्याइतका घटू लागतो, आणि ताकद त्याहूनही जास्त टिकते. अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन यांनी १९८१ साली हे तपासलं होतं. दहा आठवडे आठवड्यातून सहा दिवस कडक सराव केलेल्या लोकांना त्यांनी पुढचे पंधरा आठवडे फक्त चार किंवा दोन दिवस करायला लावलं, पण त्या दिवसांचा जोर तेवढाच ठेवला. त्यांचा दम टिकून राहिला. आठवड्यातून दोन दिवसांवर पंधरा आठवडे दम टिकत असेल, तर रविवारच्या सुट्टीनं काय बिघडणार?

"सैन्यात तर रोज पळवतात"

पळवतात, आणि म्हणूनच नडगीच्या तड्यांचा सर्वांत जास्त अभ्यास सैन्याच्या रंगरुटांवर झाला आहे. इस्रायली सैन्यात हे प्रमाण कमी करण्यासाठी पंचवीस वर्षं वेगवेगळे उपाय करून पाहिले गेले. बुटांपासून सगळं तपासून झालं. त्याचा आढावा २००८ साली प्रसिद्ध झाला. दोन गोष्टींनी सर्वांत मोठा फरक पडला: एकूण चालण्याचं अंतर कमी करणं आणि रात्री किमान सहा तासांची झोप सक्तीची करणं. तडे जाण्याचं प्रमाण ६० टक्क्यांहून जास्त घटलं.

सहा तास हा तिथं किमान आकडा होता. एरवी प्रौढ माणसाला सात तास तरी झोप हवी, आणि कडक सराव करणाऱ्याला त्याहून थोडी जास्तच. बांधणीला लागणारं वाढीचं संप्रेरक प्रामुख्यानं रात्रीच्या पहिल्या भागातल्या गाढ झोपेत स्रवतं. अभ्यासिकेतून साडेअकराला परतणारा आणि चारचा गजर लावणारा मुलगा नेमका कुठे कमी पडतो, ते यातून कळतं. त्याला मी तरी सांगेन की सकाळचा सराव संध्याकाळवर न्या, नाही तर रात्रीचा अभ्यास दुपारवर आणा, पण झोपेचे तास कापू नका. दुपारची अर्ध्या तासाची डुलकीही चालते.

"अंग दुखलंच नाही तर फायदा काय?"

सरावाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या अंगदुखीचं कारण म्हणून अजूनही 'लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं' असं सांगितलं जातं. सरावात रक्तात वाढलेलं लॅक्टेट तासाभरात खाली येतं. दोन दिवसांनी जे दुखतं ते सवय नसलेल्या हालचालीनं तंतूंना झालेल्या इजेमुळे. सवय झाली की तोच व्यायाम दुखवत नाही, पण फायदा द्यायचा थांबतही नाही. त्यामुळे दुखण्यावरून सराव मोजू नका.

जिममध्ये मात्र एक धोका लक्षात असू द्या. दीर्घ खंडानंतर पहिल्याच दिवशी शेकडो बैठका मारल्या किंवा ट्रेनरनं अति करून घेतलं आणि पुढच्या दोन दिवसांत स्नायू प्रचंड सुजले, लघवी गडद तपकिरी झाली, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. फुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकून ते निकामी होऊ शकतं. आणि दुखण्याची गोळी खाऊन पळणं, तेही पाणी कमी पिऊन, हे याच मूत्रपिंडावर दुहेरी ओझं आहे. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेननं तडा भरत नाही, फक्त त्याची कळ लपते. रोज गोळी लागत असेल तर सराव थांबवायची वेळ झालेली आहे.

डब्यातून किती पोटात जातं

विश्रांती म्हणजे नुसतं पडून राहणं नसतं. बांधकामाला माल लागतो. खोलीवर राहणाऱ्या मुलांचा मेसचा डबा पाहिला की काळजी वाटते: चार पातळ पोळ्या, पाणीदार वरण, थोडा भात. त्यात वजन वाढू नये म्हणून रात्रीचं जेवण सोडणारेही असतात. खर्चाच्या मानानं खाणं सतत कमी पडलं की शरीर कुठे ना कुठे काटकसर करतं. हाडांची बांधणी, प्रतिकारशक्ती, संप्रेरकं यांना कात्री लागते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ मध्ये या स्थितीला रेड-एस हे नाव दिलं. ती मुलांमध्येही होते आणि मुलींमध्येही.

मुलींसाठी याची एक स्पष्ट खूण आहे आणि त्याबद्दल मैदानावर कोणी बोलत नाही. सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा सलग तीन महिने आलीच नाही, तर "बरं झालं, भरतीपुरती कटकट गेली" असं समजू नका. हाडांना लागणारं संप्रेरक कमी पडल्याची ती सूचना असू शकते, आणि अशा मुलींना हाडाला तडा जाण्याचा धोका जास्त असतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. गटाचे सर पुरुष असतील तर मुली हे सांगणार नाहीत, म्हणून प्रत्येक गटात एका वयानं मोठ्या ताईकडे ही विचारपूस असावी, असं मला मनापासून वाटतं.

महागड्या डब्यांची गरज नाही. नियमित कडक सराव करणाऱ्याला दर किलो वजनामागे दिवसाला साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं पुरतात. अंडी, दही, फुटाणे, शेंगदाणे, घट्ट वरण, आपल्या भागात सहज मिळणाऱ्या सोयाबीनच्या वड्या यांतून ती येतात. सरावानंतर तासाभरात तर्री पोह्यांची प्लेट खाल्ली तर साखरेचा साठा भरायला लागतो; सोबत दोन उकडलेली अंडी घ्या.

आपल्या उन्हाचा हिशेब वेगळा

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि रात्रीही भिंती तापलेल्या असतात. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळवावं लागतं, म्हणून त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. फेब्रुवारीतला हलका वेग मे महिन्यात कडक होतो. तेव्हा उन्हाळ्यात वेळेच्या मागे न लागता श्वासाकडे पाहून पळा. उकाड्याची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस भार कमी ठेवा. शिवाय कूलर बंद पडलेल्या रात्रीनंतरची सकाळ कडक सरावाची नसते. पळताना थंडी वाजली, बोलणं अडखळलं किंवा तोल गेला तर तिथंच थांबून सावली, अंगावर गार पाणी आणि रुग्णालय, या क्रमानं जा.

मग आठवडा कसा लावायचा?

अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात बिल बॉवरमन यांनी एक कडक, मग एक हलका दिवस अशी पद्धत रुजवली. पुढे स्टीफन सीलर यांनी जगातल्या अव्वल लांब पल्ल्याच्या खेळाडूंचे सराव तपासले, तेव्हा दिसलं की त्यांचे सुमारे ८० टक्के सराव हलक्या वेगाचे असतात. आपल्याकडे उलटं होतं: सगळेच दिवस मधल्या वेगाचे. कडक दिवशी पूर्ण जोर लावायला अंगात काही उरत नाही आणि हलका दिवस हलका राहत नाही.

हलकं म्हणजे किती? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत. गप्पा तुटायला लागल्या की वेग जास्त आहे.

ग्राउंडची तयारी करणाऱ्यासाठी सोमवारी ४०० मीटरचे रिपीट (म्हणजे तेच अंतर मध्ये दम घेऊन पुन्हा-पुन्हा पळणं), मंगळवारी अर्धा-पाऊण तास गप्पांच्या वेगानं, बुधवारी गोळा आणि ताकदीचे व्यायाम, गुरुवारी पुन्हा हलकं, शुक्रवारी १०० मीटरचे स्प्रिंट पूर्ण दम घेत-घेत, शनिवारी सेमिनरी हिल्सच्या बाजूला निवांत लांब पळणं, आणि रविवारी काही नाही. रविवारी चालणं चालेल, क्रिकेटची मॅच नको. दर चौथ्या आठवड्यात एकूण अंतर तिसऱ्या हिश्श्यानं कमी करा. डांबरी रस्त्यावरचं एखादं सत्र मातीवर न्या. जिमवाल्यांनी एकाच स्नायूला परत जोर लावण्याआधी ४८ तास जाऊ द्यावेत.

चाळिशीच्या पुढचे, केवळ तब्येतीसाठी व्यायाम करणारे वाचत असतील तर त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० मधले आकडे पुरेसे आहेत: आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम, आणि दोन दिवस ताकदीचा. छातीत दडपण आलं किंवा घेरी आली तर त्याला थकवा म्हणून सोडून देऊ नका.

ग्राउंडची तारीख आली की

हॉल तिकीट हातात पडलं की मुलं शेवटच्या पंधरा दिवसांत सराव दुप्पट करतात. मी हे दर हंगामात पाहतो आणि दर वेळी जीव तळमळतो, कारण वर्षभराची कमाई इथं जाते. त्या पंधरा दिवसांत नवा दम तयार होत नाही. साचलेला थकवा मात्र उतरू शकतो. २००७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष असा आहे: स्पर्धेआधीचे सुमारे दोन आठवडे एकूण सराव ४१ ते ६० टक्क्यांनी कमी करायचा, पण वेग आणि आठवड्यातले दिवस तेच ठेवायचे. म्हणजे ४०० मीटरचे आठ रिपीट मारत असाल तर चार मारा, त्याच टायमिंगनं. लांब पळणं अर्ध्यावर आणा. पहिले चार-पाच दिवस पाय जड वाटतील, बेचैनी होईल, सगळा सराव वाया चालला असं वाटेल. तेव्हा मैदानावर जाऊन १६०० मीटर पूर्ण जोरानं मोजून पाहायचा मोह होतो. तो शेवटच्या आठवड्यात टाळा. ती वेळ ग्राउंडवरच येऊ द्या.